वटवाघळाचा हात

टांगा पोवई नाक्यावरून वळला तेव्हा टांगेवाल्यानं मान न वळवताच विचारलं, "बाई, त्या माकडवाल्या मास्तरीणबाई तुमीच का वो?" आवाजात कुचेष्टा नव्हती. गावात नव्यानं आलेल्या डॉक्टरची करावी तशी साधी चौकशी होती. विजयमालाच्या तोंडून "व्हय, मीच" असं निघून गेलं, आणि शाळेत चुकूनही न येणारा तो 'व्हय' ऐकून तिचं तिलाच नवल वाटलं. "न्हाई, आमची मंडळी म्हनत हुती, बाई लय शिकल्याली हाय, पन म्हनती मानूस माकडाच्या पोटचा. म्हनलं गाठ पडलीय तर इचारावं," असं म्हणून त्यानं लगाम झटकला. माकडाच्या पोटचा नव्हे, ती मनात म्हणाली; माकड आणि आपण एकाच जुन्या आजीची नातवंडं. पण चालत्या टांग्यात हे सांगायचं कसं, सुरुवात कुठून करायची? घोड्याच्या टापा वाजत होत्या. तिला दिसलं की हा घोडा एका बोटावर धावतोय. टाप म्हणजे मधल्या बोटाचं नख; बाकीची बोटं लाखो वर्षांत झिजून गेली. आपण सगळे, हा टांगेवाला, ही भाजीची पिशवी, वर दिसणारा अजिंक्यताऱ्याचा उतार, एका नखावर तोलून चाललो आहोत असं तिला क्षणभर वाटलं आणि छाती भरून आली. मग पुन्हा तो शब्द आठवला. माकडवाल्या. ज्या शहरात ती हॉस्टेलवर राहून शिकली, जिथं शिक्षिका म्हणून परत आली, तिथं तिला आता हे नाव पडलं होतं, आणि ते पुसणं तिच्या हातात नव्हतं.

सुरुवात झाली होती एका मेलेल्या वटवाघळापासून. गणपतीनंतर शाळेमागच्या वडाखाली ते पडलेलं तिला सापडलं. वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं ते खोलीवर नेलं आणि एका टाकाऊ पातेल्यात मंद आचेवर उकळत ठेवलं. घरमालकीण रंगुबाई नाकाला पदर लावून फिरत राहिल्या, पण बोलल्या नाहीत. शिकलेल्या बाईच्या खोलीतून येणारा वासही शिक्षणाचाच भाग असावा अशी त्यांची समजूत होती. हाडं इतकी नाजूक निघाली की श्वासानं हलत. काळ्या पुठ्ठ्यावर तिनं ती एकेक करून डिंकानं चिकटवली, आणि पंख पुरा झाला तेव्हा तिचे हात आपोआप थांबले. कारण तो पंख नव्हताच. तो हात होता. दंडाचं एक हाड, कोपर, मनगट, आणि मग लांबच लांब ओढलेली बोटं. अंगठा मात्र आखूड, वर आलेला. पुस्तकातलं चित्र तिनं कितीदा पाहिलं होतं, पुण्याला बी.एस्सी.च्या परीक्षेत काढलंही होतं. पण आपल्या डिंक लागलेल्या बोटांशेजारी ती बोटं पाहताना तिला भीती वाटली, ओळखीच्या माणसाचा चेहरा अनोळखी गर्दीत दिसल्यावर वाटते तशी. दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं मनोरमा मेहेंदळेला पुढं बोलावून तिचा हात पुठ्ठ्याशेजारी ठेवायला लावला. मुली बाकांवर उभ्या राहून पाहू लागल्या. मनोरमानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बाई, देवानं एकच साचा वापरला असेल. आजी एकाच साच्यात सगळ्या करंज्या करते तसा." विजयमालाला इतका आनंद झाला की तिनं त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला. असा स्वतःचा तर्क लढवणारी मुलगी तिला शिक्षिका झाल्यापासून पहिल्यांदाच भेटली होती. ती म्हणाली, "असेलही. पण करंज्यांचा साचा करंज्यांसाठीच असतो. उडायला पाच बोटं कशाला लागतात? छत्रीला बोटाची पेरं नसतात, तरी ती उघडते. आणि बैलाच्या पायामागं दोन छोटी नखं असतात, ती जमिनीला टेकतसुद्धा नाहीत. ती कशासाठी केली असतील?" मनोरमा विचारात पडली, आणि तो विचार घेऊन घरी गेली. तिचे आजोबा, निवृत्त सबजज्ज रावसाहेब मेहेंदळे, शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष होते.

टांगा शाळेपाशी थांबला. हेडमिस्ट्रेस लीलाबाई तिची वाटच पाहत होत्या. लीलाबाईंनी ही शाळा स्वतःच्या घराच्या पडवीत सुरू केली होती. तरुणपणी विधवा झालेल्या बाईनं घरोघर फिरून, दारात अपमान ऐकून, एकेक मुलगी मागून आणलेली. त्यामुळं त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या थकल्या होत्या. "काही घरांनी मुली काढल्या," त्या म्हणाल्या. "अजून काही काढतील. रावसाहेबांनी रविवारी वाचनालयात सभा ठेवली आहे. ते बोलतील, मग तू बोलायचंस. फार काही नको. एवढंच म्हण की हे एक मत आहे, आणि प्राण्यांची प्रत्येक जात ईश्वरानं वेगळी निर्माण केली हे आपल्याला मान्य आहे. विषय मिटेल." लीलाबाई पुढं झुकल्या. "नाहीतर दशावतार सांग की. मत्स्य, कूर्म, वराह, मग नरसिंह, मग वामन. ही तुझी उत्क्रांतीच झाली ना? लोक टाळ्या वाजवतील." आणि क्षणभर विजयमालाला मोह पडला. किती सोपं होतं! सगळे खूश, शाळा वाचली, आणि वर आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं असा मान. पण तिच्या डोळ्यांपुढं तो दुसरा मासा आला, उथळ चिखलात परांवर रेलून श्वास घेणारा. तो कुणाला तारायला आला नव्हता. त्याच्या पाठीवर वेद नव्हते. पुढं आपल्या पोटी कोण येणार याची त्याला कल्पना नव्हती. तो फक्त त्या दिवशी मेला नाही, आणि त्याची पिल्लं मेली नाहीत. अवताराला काम नेमून दिलेलं असतं. या माशाला कुणीच काही नेमून दिलं नव्हतं, आणि म्हणूनच तिला त्याचा लळा लागला होता. "बाई, ते दोन्ही एक नाही," ती म्हणाली. "तसं म्हटलं तर मी दोन्हींशी खोटं बोलेन." लीलाबाईंनी चष्मा काढून पुसला. "मी आयुष्यभर लहानसहान खोटं बोलून ही शाळा उभी केली गं," त्या म्हणाल्या, आणि त्यात टोमणा नव्हता.

शनिवारी दुपारी आबा आले. कडेगावच्या बाजारात कुणीतरी त्यांना गाठून विचारलं होतं की सुभेदार, तुमची लेक तुमच्या आज्याला माकड म्हणते ते खरं का. सुभेदार लालासाहेब थोरात यांनी तडक घरी जाऊन फेटा बदलला आणि मिळेल त्या मोटारीनं साताऱ्याला आले. विजयमालानं त्यांना चहा दिला. ते खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि काळ्या पुठ्ठ्याकडं पाहत राहिले. पलटणीतून आल्यावर याच माणसानं भाऊबंदांचा विरोध मोडून तिला हॉस्टेलवर आणून सोडलं होतं, पुढं सांगलीला, मग पुण्याला पाठवलं होतं. आणि आता तिच्या शिक्षणानं त्यांच्याच घराण्यावर बोट ठेवलं होतं. ती त्यांच्या चेहऱ्याकडं न पाहता बोलत होती: हाडं, नखं, बोटं, सगळं. आबांनी ऐकून घेतलं. मग बशीतला चहा संपवून म्हणाले, "पयल्या लढाईत आमी मेसोपोटेमियात हुतो. तितं दोन मोठ्या नद्या मिळत्यात. सार्जंट म्हनला, हीच आदमबाबाची बाग, देवानं पयला मानूस हितं घडवला. बघतोय तर एक वाळल्यालं झाड, आन माशा लय." ते हसले. "मी त्याला म्हनलं, साहेब, तुमचा पयला मानूस हितं झाला, मग आमचा कुटं झाला?"

"मग तो काय म्हनला?"

"म्हनला, गप जेव."

विजयमाला खळखळून हसली, किती तरी दिवसांनी. हसता हसता तिनं विचारलं, "आबा, माझं बोलनं पटतंय का तुमास्नी?"

"न्हाई," आबा तत्काळ म्हणाले. "मारुतीला मी हात जोडतो. पन त्याला आजा म्हनायचं माझ्या जिवावर येतंय." ते उठले, पुठ्ठ्याजवळ गेले, पण त्याला हात लावला नाही. "पन तुज्या तोंडनं तुला न पटल्यालं कोन वदवून घेत असंल तर ते बी मला चालायचं न्हाई. उद्या मी मागं बसनार हाय."

वाचनालयाचा दिवाणखाना रविवारी भरून गेला होता. दुसरी लढाई संपून वर्ष उलटलं होतं, स्वराज्य कधी येणार याच्या चर्चांनी लोक दमले होते, आणि माणूस कुठून आला हा प्रश्न त्यांना हलका वाटत असावा. बाजूला बायकांसाठी सतरंजी होती. विजयमालाला मात्र टेबलाशेजारी खुर्ची दिली होती. रावसाहेब उभे राहिले. त्यांचं मराठी इतकं सुंदर होतं की ती विरोध विसरून ऐकत राहिली. पैठणीच्या पदरावर मोर असतो, ते म्हणाले. धागे आपोआप एकत्र आले आणि मोर उमटला असं कुणी सांगितलं तर आपण विश्वास ठेवू का? मग ज्या मोरावरून तो पदर विणला, त्या जिवंत मोराला विणकर नको? गाईला गाय होते, घोडीला शिंगरू होतं. आजवर कुणी गाईला हरीण झालेलं पाहिलं आहे का? सभेत समाधानाची कुजबुज झाली. "बाईंच्या विद्वत्तेचा आम्हाला अभिमान आहे," रावसाहेब शेवटी तिच्याकडं वळून म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते. "त्यांनी इतकंच म्हणावं, की हे एक मत आहे आणि ते मुलींना शिकवण्याजोगं नाही."

ती उठली. टेबलाच्या कडेचं लाकूड बोटांना गार लागलं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, आधी थोरातांची वंशावळ सांगा! माकड कितव्या पिढीला येतं?" हशा पिकला. खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत आबांचा फेटा ताठ उभा होता, हलला नाही. आणि त्या हशातून तिला लहानपणचं गावाकडचं अंगण दिसलं. बैलावर बसून हेळवी आला होता, घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ म्हणणारा. आई सुपात जोंधळे घेऊन उभी. आबा रजेवर आलेले; परेडला उभं राहावं तसे उभे. हेळवी म्हणत होता: अमका तमक्याचा पुत्र, तमका फलाण्याचा पुत्र, एकामागून एक, ढोलावर थाप पडावी तशी नावं, मागं मागं, थेट सूर्यापर्यंत. तिच्या अंगावर काटा आला होता. एवढे सगळे आपले! मग ती मध्येच म्हणाली होती, "आन माजं नाव?" हेळवी प्रेमानं हसला होता. "लेकीबाळींची नावं ह्यात नसत्यात, बाळ." तिनं आईकडं पाहिलं. साळूबाई सूप सावरत म्हणाली, "माजं बी न्हाई गं." जणू जोंधळे संपले आहेत इतक्या सहज.

हशा ओसरायला लागला होता. "आमची वंशावळ मला पाठ आहे," विजयमाला म्हणाली, आणि आपला आवाज खोलीच्या शेवटपर्यंत पोचतो आहे हे तिला जाणवलं. "ती सूर्यापर्यंत जाते. तिच्यात माकड नाही, खरं आहे. पण तिच्यात मीही नाही. माझी आई नाही, आजी नाही. इथं बसलेल्या कुणाच्याही वंशावळीत त्याची आई नाही." सतरंजीवरची हालचाल थांबली. "मी शिकवते त्या वंशावळीत प्रत्येक पिढीला एक आई आहे. आईला वगळून ती एक पाऊलही मागं जात नाही. रावसाहेब म्हणाले, गाईला हरीण झालेलं कुणी पाहिलं का. नाही पाहिलं. कधी झालंच नाही. प्रत्येक आईला आपल्यासारखंच मूल झालं. अगदी थोडं वेगळं, आपल्या घरात भावंडं वेगळी असतात तेवढंच. कुठल्याच आईला आपलं पिल्लू परक्या जातीचं वाटलं नाही. पण आईमागं आई, तिच्यामागं तिची आई, अशा किती तरी आया मागं गेलात, तर उभी असेल ती आपल्याला ओळखू येणार नाही. तिच्या अंगावर केस असतील. आणखी मागं गेलात तर ती पाण्यात असेल. थंडी, पूर, दुष्काळ, वाघ, सगळ्यांतून तिनं पिल्लू जगवलं. एकीचं जरी चुकलं असतं तरी मी इथं बोलत नसते आणि तुम्ही हसत नसता. मला तिची लाज वाटायची काही गरज नाही. मला तिचा अभिमान आहे." ती रावसाहेबांकडं वळली. "देवाबद्दल मी वर्गात बोलले नाही आणि बोलणार नाही. पण हे शिकवण्याजोगं नाही, असं मी म्हणणार नाही."

रावसाहेबांनी हळूच विचारलं, "मग पहिली आई कोण?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. आणि हे तीन शब्द उच्चारताना तिला वाटलं होतं तसं काहीच कोसळलं नाही. उलट जमीन पायांखाली अधिक घट्ट झाली. "तिथं तुम्ही देवाला ठेवलंत तर मी अडवणार नाही. पण मधल्या प्रत्येक वळणावर त्याला उभं करू नका. तिथं आया आहेत."

रावसाहेबांनी मान तुकवली. "उत्तर प्रामाणिक आहे," ते सभेला म्हणाले. "मला पटलेलं नाही." टाळ्या वाजल्या नाहीत. लोक पायताणं शोधत बाहेर पडले. सतरंजीवरची एक म्हातारी, नऊवारीचा पदर सावरत, टेबलापाशी आली, विजयमालाच्या हनुवटीला हात लावून बोटं मोडली आणि निघून गेली. ती कोण होती हे विजयमालाला कधीच कळलं नाही.

मंडळानं निर्णय घ्यायला वेळ लावला नाही. शरीरशास्त्र काढून तिला शिवण आणि आरोग्य द्यावं असं ठरलं. लीलाबाईंनी ते खाली मान घालून सांगितलं. विजयमालानं नकार दिला. तिलाही रडू आलं नाही आणि लीलाबाईंनाही नाही, दोघी एकमेकींना फार नीट समजत होत्या. "मी तुझ्याजागी असते तर घेतलं असतं," लीलाबाई म्हणाल्या. "पण तू माझ्याजागी नाहीस हे बरंच झालं." मनोरमा दारात भेटली. बैलाच्या त्या नखांचं अजून आपल्याला उत्तर सापडलेलं नाही, पण सापडेल, आणि सापडलं की आपण बाईंना येऊन हरवू, असं तिनं बजावलं. विजयमाला म्हणाली, "जरूर ये." तिच्या सांगलीच्या जुन्या प्राध्यापकांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकं घ्यायला तिला बोलावून घेतलं. तिथं ज्या टेबलांवर तिनं पहिला बेडूक चिरला होता, त्याच टेबलांवर आता ती मुलांना शिकवणार होती. त्या वर्गात शिकवायला याआधी बाई उभी राहिलेली नव्हती. खोली आवरताना तिला वाटत राहिलं की आपल्याला दुःख व्हायला हवं. हरलो तर आपणच आहोत. पण आतून एक सरळ, ताठ काहीतरी वर येत होतं, आणि ते लपवायचं कुणापासून हे तिला कळेना.

सर्व्हिस मोटारीत पुढच्या बाकावर बायका, मागं पुरुष. आबा सांगलीपर्यंत सोडायला आले होते. सभेबद्दल ते तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. ट्रंक कुठं ठेवायची, डबा घेतला का, एवढंच. कऱ्हाडला मोटार थांबली. खांद्यावर घोंगडं टाकलेला एक धनगर चढला आणि आबांशेजारी बसला. नाव-गाव झालं. हरिबा, आटपाडीकडचा. मेंढरं कऱ्हाडला विकून परत निघालेला. मोटार सुरू झाली. उसाच्या फडांवरून वारा येत होता आणि मागचं बोलणं तिला तुटक तुटक ऐकू येत होतं.

"ती फुडं बसलीय ती माझी लेक. सांगलीच्या कालिजात मास्तर हाय."

"पोरगी? कालिजात?"

"व्हय. मानूस कसा झाला ते शिकवती."

"कसा झाला?"

आबांनी घसा खाकरला. "आता बघा. आदुगर समदं पानीच हुतं. पान्यात मासा. त्या माशाचा झाला बेडूक. बेडकाचं माकड, आन माकडाचा मानूस. असं हाय ते. लय शिकावं लागतं त्याला."

विजयमालानं डोळे मिटून घेतले. बेडकापासून माकडापर्यंतची सगळी युगं आबांनी एका उडीत ओलांडली होती. हरिबानं खांद्यावरचं घोंगडं सावरलं. "आन तुमास्नी हे पटतंय, सुभेदार?"

"मला? छ्या!" आबा गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मला न्हाई पटत. पन तिनं भरल्या सभेत सांगितलं. सबजज्जाम्होरं. शाळा गेली तर जाऊ दे म्हनली, पन बदलून बोलली न्हाई. मी सोता मागं बसलो हुतो."

तिला राहवेना. ती बाकावरून मागं वळली. "आबा, बेडकाचं एकदम माकड न्हाई होत. मधी लय—"

"तू गप बस गं," आबा म्हणाले. फेटा नीट करून ते हरिबाकडं वळले, आणि त्यांचा चेहरा इतका उजळला होता की तिनं पुढचं वाक्य सोडून दिलं. "तुजं सभेत सांगून झालंय. आता मला सांगू दे."